पाकीट उलटं करून बघा!

आपल्या हॉस्टेलमध्ये माणसाची किंमत त्याच्या बादलीतल्या साबणावरून ठरते, हे एव्हाना फर्स्ट इयरलाही कळलं असेल! सुपरमार्केटच्या स्वतःच्या लेबलचा साबण दिसला की ‘काय गं, घरून पैसे आले नाहीत का?’ हा प्रश्न ठरलेला. मग ती बिचारी संध्याकाळचा चहा बंद करते आणि पुढच्या महिन्यात टीव्हीवरचा साबण आणते. मला याचा भयंकर राग येतो. (मी कॉन्व्हेंटवाली, ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळावेत. राग मात्र माझाच आहे.)

अरे, आपण इंजिनिअर होणार ना? मग पाकीट उलटं करून वाचा की! साबणावर टीएफएम, म्हणजे टोटल फॅटी मॅटर छापलेलं असतं. भारतीय मानकाप्रमाणे टॉयलेट सोपच्या ग्रेड १ ला किमान ७६ टक्के, ग्रेड २ ला ७०, ग्रेड ३ ला ६०. आणि ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर तो टॉयलेट सोपच नव्हे, त्याचं मानकच वेगळं. जाहिरातीतली हिरॉइन यातलं काही सांगते का?

दुकानाच्या लेबलचा माल बहुतेक वेळा दुकान स्वतः बनवत नाही, दुसऱ्या कारखान्यातून करून घेतं. टीव्हीवर जाहिरात नाही, मधल्या डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन नाही, शेल्फ घरचंच. स्वस्ताई बरीचशी तिथून येते. साखर, डाळ, फिनेल यांत नावासाठी जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

पण म्हणून दुकानदार संत झाला असं नाही हं! स्वतःच्या मालावर एमआरपी छापणारा तोच आणि त्यावर ‘५०% सूट’ची पाटी लावणाराही तोच. त्या सूटीला काय अर्थ? त्यापेक्षा एमआरपीजवळ दर ग्रॅमची किंवा मिलीची किंमत छापलेली असते, ती बघा. शॅम्पूचं गणित तर मुद्दाम करा. कितीतरी वेळा बाटलीपेक्षा पुडी स्वस्त पडते!

ऑनलाइनचं म्हणाल तर वस्तूचा दर कमी दिसतो, पण शेवटी डिलिव्हरी चार्ज, हँडलिंग चार्ज येऊन बसतात. एकटीने एक टूथपेस्ट मागवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आमच्या विंगमध्ये पाच खोल्यांची एकच ऑर्डर जाते आणि चार्ज वाटून घेतो. भांडण होतं ते फक्त चहापत्तीवरून. तिथे मात्र मी माझा ब्रँड सोडणार नाही, कुणी कितीही हिशेब दाखवा!