नावेचा तळ कोणी पाहावा?

रेवसहून भाऊच्या धक्क्यास निघालेला आमचा माणूस लाँचीत पाय ठेवतो तेव्हा काय पाहतो? बसावयास जागा आहे की नाही आणि भाजीची पाटी कोठे ठेवावी, इतकेच. ज्याच्या आधारावर त्याचा जीव तरणार, तो तळ पाण्याखाली असतो. तो त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी आधी पाहिलेला असावा लागतो. हा दुसरा कोण असावा, याविषयी आज आम्हास चार शब्द लिहावयाचे आहेत.

यांत्रिक नावेने तपासणीचा दाखला घेतल्यावाचून माणसे वाहू नयेत, असे १९१७ च्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या कायद्यातही आहे. दाखला सरकारने नेमलेल्या सर्व्हेअरच्या तपासणीवर मिळावयाचा. परंतु परदेशात आता निराळी वहिवाट पडत आहे. मालकाने बाहेरच्या खासगी सर्व्हेअरकडून तपासणी करून घ्यावी आणि सरकारने त्याच्या कागदावर भरवसा ठेवून दाखला द्यावा. अमेरिकेत टग बोटींच्या मालकांस २०१६ च्या नियमांनी अशी मुभा मिळाली. आपल्या बंदरांत असे करावयाचे झाले तर कोणत्या अटीवर, हे आधीच ठरलेले बरे.

या पद्धतीस आमचा सरसकट विरोध नाही. गेटवे ते मांडवा ही वाहतूक पावसाळ्यात बंद असते. त्याच दिवसांत बोटी ओढून घेऊन दुरुस्त करावयाच्या, म्हणजे सगळ्यांस तपासनीस एकदम हवा. ज्याच्या दहा बोटी आहेत त्याची एक अडकली तर नऊ चालतात. ज्याची एकच आहे, आणि तीही कर्जाची, तो साहेबाची वाट पाहत बसला तर त्याच्या घरची चूलच अडते. अशा माणसास बाहेरचा जाणता सर्व्हेअर वेळेवर मिळाला तर आम्हास आनंदच आहे.

पण पैसे कोण देणार? सारी मेख येथे आहे. उसाची गाडी कारखान्याच्याच काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काय येते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. काटा खोटाच असतो असे नाही. तो ज्याचा आहे त्याचाच फायदा त्यात गुंतलेला असतो, हे खरे दुखणे. मालकाने निवडलेला, मालकानेच पैसे दिलेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे यावे अशी आशा धरलेला सर्व्हेअर कुजकी फळी पाहून किती मोठ्याने बोलेल?

ही आमची नुसती शंका नव्हे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी 'एल फारो' हे चाळीस वर्षांचे अमेरिकन मालवाहू जहाज वादळात सापडून बुडाले व ३३ माणसे गेली. जहाज मोठे, पण व्यवहार तोच. त्याच्या तपासणीचे बरेचसे काम सरकारच्या वतीने बाहेरची संस्था करीत होती. जहाज वादळाच्या तोंडी नेले ही चूक होतीच. परंतु चौकशीत असेही निघाले की, या बाहेरच्या तपासणीवर सरकारची नजर ढिली पडली होती. त्याच्या जोडीच्या जहाजाचे वायुमार्ग पाहिले तर पत्रा गंजून गेलेला. कागद मात्र ठीक होते!

आपल्याकडे १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोटीत पाणी शिरून ती बुडू लागली. रायगड पोलिसांची गस्ती नौका जवळ होती म्हणून ८८ माणसे वाचली. गस्ती नौका प्रत्येक वेळी जवळ असेल काय?

तळ पाहणे म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. बोट पाण्याबाहेर काढावी लागते. लाकडी असेल तर फळ्यांत टोच्या घालून पाहावा, सांधे पाहावेत, खिळे गंजले काय ते पाहावे. लोखंडी असेल तर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा व यंत्राने पत्र्याची जाडी मोजावी. पंख्याचा दांडा जेथून बाहेर निघतो ती जागा नीट पाहावी. लाकडावर फायबरचा लेप दिला की नाव नव्या नवरीसारखी दिसते, आणि आत फळी कुजत असते. तरंगत्या बोटीवर चहा पिऊन लिहिलेला दाखला आम्ही दाखला मानीत नाही.

आणि ही कुजकी फळी प्रथम कोणास कळते? ज्या सुताराने ती बसविली त्यास, आणि जो खलाशी रोज तळातले पाणी उपसतो त्यास. परंतु सुताराजवळ परीक्षेचा कागद नाही म्हणून त्यास विचारावयाचे नाही, आणि खलाशी बोलला तर त्याची नोकरी जाते. ज्याचे हात तळास लागलेले आहेत त्याचा शब्द तपासणीच्या कागदावर उतरला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाहेरचे सर्व्हेअर आणावयाचे तर खुशाल आणा. पण फी सरकारी खजिन्यात भरावी आणि ती नावेच्या लांबीप्रमाणे ठरलेली असावी. सर्व्हेअर कोणता येणार हे मालकाने नव्हे, चिठ्ठीने ठरवावे. एकाच माणसाने तीच नाव लागोपाठ दोनदा पाहू नये. त्याने पाहिलेल्या नावांपैकी काही सरकारी तपासनिसाने न कळविता पुन्हा ओढून पाहाव्यात, आणि लबाडी सापडली तर सर्व्हेअर व मालक दोघांनाही धरावे. दाखला मराठीत, ठळक अक्षरांत, तिकिटाच्या खिडकीशी लावावा. त्यात तळ पाण्याबाहेर काढून कोणत्या तारखेस पाहिला, तेवढे तरी असावे.

वाचकांनी पुढच्या खेपेस तिकीट काढताना ही तारीख विचारावी. कोणी हसले किंवा दटावले, तर कोणत्या धक्क्यावर तसे झाले ते आम्हास कळवावे.