लेकीकडे निघण्याआधी

लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण अमेरिकेत आहे म्हटलं, की आपल्याकडे डिंकाच्या लाडवांची तयारी आधी सुरू होते. विम्याचं नाव निघतं ते शेवटच्या आठवड्यात, आणि तेही ‘एजंटनं सांगितला तो घेतला’ इतकंच. एरवी हे खपून जातं. साथीच्या दिवसांत खपत नाही.

2020 आठवा. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला जागतिक साथ म्हटलं आणि 23 मार्चपासून भारतात येणारी नेहमीची विमानं थांबली. परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी सरकारी ‘वंदे भारत’ची उड्डाणं सुरू व्हायला 7 मे उजाडला, नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा तर थेट 27 मार्च 2022 ला परतली. नातवाला बघून उन्हाळ्यात परतायचं म्हणून गेलेले कितीतरी आजी-आजोबा तिकडेच अडकले. इथून नेलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या संपत आल्या, मुक्कामाची मुदत संपत आली आणि पॉलिसीचीही. म्हणून पॉलिसी घेतानाच विचारा: परत येता आलं नाही, तर ती तिथे बसून वाढवता येईल का? वाढवायचा अर्ज सहसा मुदत संपायच्या आत करावा लागतो.

इथला मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतापुरताच असतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी अट नाही, आणि उपचार सर्वांत महाग तिथेच. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवू नये, असा तिथे 1986 चा कायदा आहे. पण त्यानं बिल माफ होत नाही. ते नंतर घरी येतं, आणि ते घर तुमच्या मुलांचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साठी उलटलेल्या माणसाला काही ना काही जुनं दुखणं असतंच, आणि प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार बरेचदा वगळलेले असतात, किंवा अचानक जीवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरलेले असतात. ते कलम शोधून वाचा. फॉर्मवर ‘काही आजार नाही’ अशी खूण करून हप्ता वाचवू नका. हॉस्पिटलात दाखल होताना तुम्हीच डॉक्टरांना सांगता, ‘बारा वर्षं डायबेटिस आहे.’ ते केसपेपरवर लिहिलं जातं आणि दाव्याच्या वेळी तोच कागद कंपनीसमोर येतो. एजंट म्हणाला ‘लिहू नका’, तरी लिहा; सही तुमची असते.

कव्हरच्या मोठ्या आकड्यानंही हुरळू नका. काही स्वस्त पॉलिसींमध्ये खाटेचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके असं बांधलेलं असतं आणि वरचा सगळा खर्च आपला. साथीच्या आजाराचा उपचार धरला आहे का, हे लेखी घ्या. विलगीकरणासाठी हॉटेलात राहावं लागलं तर तो खर्च सहसा मिळत नाही. भीती वाटली म्हणून प्रवास रद्द केला, तर तिकिटाचे पैसेही सहसा मिळत नाहीत.

आणि एक गोष्ट कुठलीच पॉलिसी देऊ शकत नाही: रिकामी खाट. 2020 च्या वसंतात न्यूयॉर्कची हॉस्पिटलं भरून वाहत होती. वय आणि मधुमेह, दोन्हींमुळे कोविड जास्त घातक ठरत होता, म्हणजे विमा मिळायला ज्यांना अडचण, धोकाही त्यांनाच जास्त. अशा वेळी डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले तर थांबा. बाळंतिणीची सोय पैसे देऊन, मैत्रिणींच्या मदतीनं करता येते. परदेशातल्या मुलांनीही आईला ‘तू आलीच पाहिजेस’ असा आग्रह धरू नये. तिला नाही म्हणणं जड जातं.

जायचं ठरलंच, तर लस वेळेत घ्या. डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या, कारण इथली ब्रँडची नावं तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत. पॉलिसीचा नंबर आणि मदतीचा फोन पर्समध्ये, जावयाच्या मोबाइलवर आणि इथे शेजाऱ्यांकडे ठेवा. आज संध्याकाळी पॉलिसीची पानं समोर घेऊन मुलांना फोन लावा आणि काय काय वगळलं आहे, ते एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवा. तिकीट त्यानंतर काढा.