कागदाचा उत्पादन खर्च



कांद्याचा उत्पादन खर्च काढताना आपण रोप, खत, मजुरी धरतो, घरच्या माणसांचे कष्टही धरतो. भाव ठरवणारा ते धरत नाही, हे आपले जुने भांडण. तोच हिशेब आज आजोबांच्या कागदाला लावून पाहा.

जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा कागद मागतात. म्हणजे पोराच्या प्रवेशासाठी आजा-पणजा शोधायचा. 2023 साली न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी वंशावळ घरोघरी निघू लागली.

सरकारी फी मोठी नाही. माहिती अधिकारात अर्जाला 10 रुपये, पानाला 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्याला तेवढेही नाहीत. खरा खर्च पुढे आहे. पणजोबांच्या जन्मनोंदीसाठी मी एका कचेरीत चार खेपा घातल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा किल्ली सापडेना, तिसऱ्यांदा म्हणाले, नेमके वर्ष सांगा. वर्ष माहीत असते तर आलो असतो कशाला? चौथ्या खेपेला दप्तर निघाले, ते मोडीत! शेतीची पदवी घेतलेला मी, एक अक्षर लागेना. मोडी वाचणाऱ्याने पैसे घेतले. त्याचा दोष नाही, ती त्याची विद्या. पण चार दिवसांचा रोजगार आणि एसटीचे भाडे कोणत्या पावतीवर येते?

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोम आहे. अक्कलकोट वेगळे संस्थान, मंगळवेढा सांगली संस्थानात, शेजारचे धाराशिव निजामाकडे. तिकडून आजोबा बार्शीला आले असतील तर कागद उर्दूत निघतो.

गाव नमुना 14 मधील एकच पान दहा घरांनी दहा वेळा पैसे मोजून वाचून घ्यायचे, हा कुठला कारभार? सरकारने ते एकदाच देवनागरीत उतरवावे आणि ग्रामपंचायतीत ठेवावे, ही आपली मागणी. अभिलेखांची सूची ठेवा, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 सांगतेच. अर्जाची पोच मात्र जपा. 30 दिवसांची मुदत टळली, तर माहिती फुकट द्यावी लागते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने खेपा, भाडे, बुडालेला रोजगार आणि मोडीवाचनाचे पैसे कागदावर लिहून आणावेत. तालुकावार बेरीज करून ती जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायची आहे.