हार्ड डिस्क महागल्या. घरच्या ‘रेड’साठी आता कोणत्या घ्यायच्या?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने निघालं की मुर्ध्यानंतर राई लागतं. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, जुनी कौलारू घरं आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. इथे घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा कुणी असो, की वीस वर्षांचे कौटुंबिक फोटो सांभाळणारं कुणी, दोघांची अडचण सध्या एकच आहे. डेटा वाढतोय आणि तो ठेवायच्या हार्ड डिस्क महाग होत आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने ग्राहकांना पत्र पाठवून सगळ्या हार्ड डिस्कचे दर टप्प्याटप्प्याने वाढवणार असल्याचं कळवलं. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड साठवण लागते आणि जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या उरल्यात तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. आपल्याकडे हा माल आयात होतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला, त्यावर १८ टक्के जीएसटी. मग साहजिकच ‘त्यातल्या त्यात स्वस्त’ डिस्ककडे हात जातो. घरच्या रेडमध्ये नेमकी तीच डिस्क दगा देऊ शकते.

रेड म्हणजे नेमकं काय?

इन्कम टॅक्सवाली नव्हे. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली ही कल्पना: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या. ‘रेड १’मध्ये दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते, एक गेली तरी दुसरी चालू राहते. ‘रेड ५’मध्ये किमान तीन डिस्क लागतात आणि कोणतीही एक गेलेली चालते. ‘रेड ०’ फक्त वेग देतं. त्यात एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

वेगाबद्दल फार विचार करायची गरज नाही. आजची ७२०० आरपीएमची मोठी डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या पुढे जाते, पण घरातलं गिगाबिट नेटवर्क ११० एमबीच्या आसपासच थांबतं. डिस्क नेटवर्कवरच्या डब्यात, म्हणजे नॅसमध्ये बसणार असेल तर ५४०० आरपीएमची थंड, कमी आवाजाची डिस्कही पुरते. एडिटिंगला वेग हवा असेल तर चालू काम एसएसडीवर करावं आणि पूर्ण झालेलं काम हार्ड डिस्कवर हलवावं.

कौलांचा घोळ

खरी मेख डिस्कवर माहिती कशी लिहिली जाते त्यात आहे. सीएमआर पद्धतीत प्रत्येक ट्रॅक सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, इंग्रजी नावही त्यावरूनच पडलंय. कमी जागेत जास्त माहिती बसते, डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. एसएमआर डिस्कला जुनी माहिती बदलताना तेच करावं लागतं. एरवी हे जाणवत नाही. रेडमधली एक डिस्क बदलून नव्या डिस्कवर सगळं पुन्हा लिहायची वेळ आली की मात्र जाणवतं.

एप्रिल २०२० मध्ये हे चव्हाट्यावर आलं. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतल्या (हा रेड म्हणजे लाल रंग) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या आणि ग्राहकांना ते सांगितलेलंच नव्हतं. ‘सर्व्ह द होम’ या संकेतस्थळाच्या चाचणीत सीएमआर डिस्कचं पुनर्लेखन एका दिवसाच्या आत झालं, या एसएमआर डिस्कला नऊ दिवसांहून जास्त लागले. त्या नऊ दिवसांत उरलेल्या डिस्कपैकी एखादी गेली असती तर? टीकेनंतर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या काढल्या.

म्हणून घरच्या रेडसाठी डब्ल्यूडी रेड प्लस, सीगेट आयर्नवुल्फ किंवा तोशिबा एन३०० यांपैकी काहीही चालेल. तिन्ही सीएमआर, तिन्हींना तीन वर्षांची वॉरंटी. साध्या बाराकुडा किंवा ब्लू मालिकेतल्या बऱ्याच डिस्क एसएमआर आहेत. बिल होण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात तपासलेला बरा, नुसत्या नावावर जाऊ नये.

‘कोणती कंपनी टिकते?’ या वादात फारसा अर्थ नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या डिस्कचे आकडे नियमित जाहीर करते. २०२४ मध्ये तिच्याकडच्या तीन लाखांच्या आसपास डिस्कमधल्या १.५७ टक्के निकामी झाल्या. कंपनीपेक्षा मॉडेलनुसार फरक जास्त दिसतो.

नवी म्हणून जुनी

जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ‘नव्या’ म्हणून विकलेल्या सीगेटच्या डिस्क हजारो तास वापरलेल्या निघाल्या. वापराचे तास दाखवणारी स्मार्ट नोंद शून्यावर आणलेली होती, पण ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीने पितळ उघडं पाडलं. आपण त्या डिस्क वितरकांना विकल्या नसल्याचं सीगेटने सांगितलं. दर चढले की अशा मालाला गिऱ्हाईक वाढतं. लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, जीएसटी बिल हवंच. सीरियल क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का तेही बघा. सीगेटची फार्म नोंद ‘स्मार्टमॉनटूल्स’ या मोफत सॉफ्टवेअरने वाचता येते.

लाइट गेली तर?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी १०च्या सुमारास ग्रिड कोसळलं आणि मुंबई महानगर परिसर ठप्प झाला, लोकलसुद्धा. अशा वेळी रेडमध्ये एका डिस्कवर लिहून झालेलं असतं, दुसरीवर राहिलेलं असतं. छोटा यूपीएस हा रेडच्या खर्चातच धरायला हवा. खाडीजवळच्या दमट, खाऱ्या हवेत धातूचे जोड लवकर गंजतात, तेव्हा डबा उघड्या खिडकीशी नको आणि हवा न खेळणाऱ्या बंद कपाटातही नको.

शिवाय रेड म्हणजे बॅकअप नाही. चुकून डिलीट झालेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. रॅन्समवेअर, चोरी, आग, पाणी यांच्यापुढेही मिररचा उपयोग नसतो. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइल्स असलेली ‘जी-ड्राइव्ह’ ही ८५८ टीबीची साठवण जळाली. बाहेर कुठेही तिची प्रत नव्हती.

त्यामुळे तीन डिस्कचे पैसे असतील तर दोन मिररमध्ये लावाव्यात आणि तिसरीवर दर आठवड्याला प्रत काढून ती दुसऱ्या घरी, मावशीकडे किंवा मित्राकडे ठेवावी. दोनच डिस्क परवडत असतील तर रेडचा नाद सोडलेला बरा: एक कॉम्प्युटरमध्ये, दुसरी प्रत काढून घराबाहेर. डिस्क गेली तर एक-दोन दिवस काम थांबेल, फोटो मात्र राहतील.