नक्कल करा, पण हुआन दे पारेहाची

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं तर जुन्या उस्तादाचं एखादं चित्र जसंच्या तसं उतरवून शिका, असं आम्ही वस्तीतल्या मुलांना सांगतो. चळवळीतले काही साथी त्यावर नाराज होतात. नक्कल म्हणजे मानसिक गुलामगिरी, असा त्यांचा आक्षेप. आम्हाला तो मान्य नाही. हात असाच तयार होतो. मात्र कोणाचं चित्र उतरवायचं, हे आपण ठरवावं.

आम्ही सुचवतो व्हेलास्केझने 1650 मध्ये रोममध्ये रंगवलेलं हुआन दे पारेहाचं चित्र. पारेहा हा व्हेलास्केझचा गुलाम. जुना चरित्रकार पालोमिनो सांगतो की रंग घोटणं, कॅनव्हास तयार करणं एवढंच काम त्याला होतं. कलेची प्रतिष्ठा राखायची म्हणून ब्रश धरायची मुभा नव्हती. हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का? पारेहा चोरून शिकला आणि त्याचं चित्र पाहून राजाने त्याला मुक्त करवलं, अशीही पालोमिनोची कथा आहे. कागद वेगळं सांगतात. मुक्तिपत्र 1650 मध्येच रोममध्ये झालं, तेही आणखी चार वर्षं सेवेच्या अटीवर. दयाळू राजांच्या गोष्टी आपणही पुष्कळ ऐकल्या आहेत! पुढे 1661 मध्ये पारेहाने स्वतः एक भव्य चित्र रंगवलं. ते माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे. त्यात डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे, हातात आपल्या सहीचा कागद घेऊन.

आता कामाचं. बाजारातली तयार 'फ्लेश टिंट'ची गुलाबी नळी बाजूला ठेवा. आपल्या पोस्टरवरचे बाबासाहेब गुलाबी-गोरे होतात, ते असल्याच सवयीने. बर्न्ट सिएना, रॉ अंबर, यलो ऑकर, काळा आणि पांढरा एवढ्यात पारेहाचा चेहरा उभा राहतो. आधी अंबरने पातळ रेखाटन. सावल्या पातळच ठेवायच्या. कपाळावरचा, नाकावरचा उजेड जाड रंगाने. वरच्या थरात तेल जास्त, खालच्यात कमी, नाहीतर रंग तडकतो. पांढरी कॉलर लवकर लावून घ्या. तिच्याशेजारीच त्वचेचा सावळा रंग नीट जोखता येतो. तो गोरा करायचा मोह टाळा. डोळे शेवटी. तो थेट आपल्याकडे पाहतो, ती नजर साधायला दोन-तीनदा खरवडावं लागेल.

मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, साधारण 81 बाय 70 सेंटिमीटर. त्यांच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा मोफत उतरवून घेता येते. ते जमलं की त्याच पाच रंगांत आपल्या आजीला समोर बसवा.