लकव्याला नशीब म्हणू नका, घड्याळ बघा!

माणसाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळू लागली की आमच्या वस्त्यांत म्हणतात, 'लकवा मारला.' कोणी मारला? कुणी म्हणते बाहेरची बाधा, कुणी म्हणते गार वारा, कुणी म्हणते नशिबाचे भोग. मग कुठे तेलाची मालिश, कुठे कबुतराचे रक्त, कुठे मांत्रिकाचा अंगारा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आम्हाला नशिबाच्या तावडीतून सोडविले. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही बुद्धाची शिकवण आम्ही विहारात ऐकतो. मग रोग्याच्या खाटेजवळ येताच आम्ही ती का विसरतो?

आधी कारण समजून घेऊ. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के; पण शरीर वापरते त्यातला सुमारे 20 टक्के प्राणवायू तो एकटा खातो. शिल्लक टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. रोज कमवून रोज खाणाऱ्या मजुरासारखी त्याची गत. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढची चूल विझते. रक्त जवळजवळ थांबते तो मधला गाभा काही मिनिटांतच मरू लागतो. पेशींची ऊर्जा संपते, क्षार-पाण्याचा तोल ढळतो, पेशी फुगतात, कॅल्शियम आत घुसते. मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट नावाचे द्रव्य सांडते आणि ते शेजारच्या पेशींनाही मारते. हृदयाचा स्नायू मेला तर तिथे घट्ट वण राहतो. मेंदूचा मेलेला भाग मात्र विरघळतो आणि काही आठवड्यांनी तिथे पोकळी उरते. मेलेला भाग पुन्हा उगवत नाही.

पण गाभ्याभोवती आणखी एक पट्टा असतो. तिथे रक्त कमी पोचते, पेशी गप्प पडतात, तरी जिवंत असतात. शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहणाच्या शास्त्रातला शब्द दिला आहे : उपच्छाया. रक्त वेळेत परत आले तर हा भाग वाचतो. उशीर झाला तर गाभाच पसरून त्याला गिळतो. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज 2006 मध्ये मांडला गेला. लुळा हात पुन्हा उचलला जाईल की नाही, याचा मोठा निकाल या पट्ट्यात लागतो.

आमच्या चळवळीने पक्षाघात फार जवळून पाहिला आहे. 11 मे 1888 रोजी मुंबईत जनतेने जोतीरावांना 'महात्मा' म्हटले आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली, म्हणजे आघात मेंदूच्या डाव्या भागात झाला. जोतीराव थांबले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये छापले गेले. त्या काळी गुठळी विरघळविणारे औषध जगात कुठेच नव्हते. आज आहे. 1995 च्या चाचणीने ते पहिल्या 3 तासांत उपयोगी ठरविले, 2008 मध्ये ती मुदत साडेचार तासांवर गेली. 2015 पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी तार घालून ओढून काढण्याचा उपचारही सिद्ध झाला आहे. मात्र काही झटके गुठळीने नव्हे, वाहिनी फुटून येतात. त्यात हेच औषध जीवघेणे ठरते. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतोच.

आता धरमपेठेत या. इथल्या बंगल्यात साहेबांचा हात लुळा पडला तर दारात मोटार उभी असते, फोनवर डॉक्टर असतो आणि रामदासपेठ-धंतोलीची रुग्णालये हाकेच्या अंतरावर असतात. त्याच बंगल्यात भांडी घासायला पांढराबोडी आणि फुटाळ्याच्या वस्तीतून बाई येते. ती मोरीत कोसळली तर? रुग्णालय तेवढ्याच अंतरावर आहे. पण तिला चक्कर आली म्हणून रिक्षात बसवून घरी धाडतात. घरी लिंबूपाणी, मग मालिश, मग उद्या बघू. रुग्णालयात गेलीच तर आधी अनामत, आधी कागद. दोघांच्या मेंदूतली उपच्छाया सारखीच. पण एकाची वाचते, दुसरीची कागदाच्या रांगेत मरते. जातीची आणि वर्गाची उतरंड अशी मेंदूच्या पेशींपर्यंत जाऊन पोचते.

कायदा काय म्हणतो? 1992 मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख हा शेतमजूर संघटनेचा सभासद रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला जागा नाही म्हणून परत पाठविले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम 21 चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला चालणार नाही. शेतमजुरांच्या संघटनेने लढून मिळविलेला हा हक्क आमच्या किती कार्यकर्त्यांना पाठ आहे?

ज्या जोतीरावांना पक्षाघाताने गाठले त्यांचेच नाव 2017 पासून राज्याच्या आरोग्य योजनेला आहे. 2023 मध्ये शासनाने ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. नाव दिले, आता वेळही द्या! आमची मागणी सरळ आहे. लकव्याचा रोगी दारात आला की आधी स्कॅन, मग शिधापत्रिका. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्री-अपरात्री स्कॅन चालू हवा आणि हे महागडे औषध कपाटात तयार हवे.

काही कामे शासनाची वाट न पाहता आम्हीच करायची आहेत. विहाराच्या फलकावर लिहा : तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, तर 108 ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा; डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. रविवारच्या वंदनेनंतर रक्तदाब मोजा, कारण वाढलेला रक्तदाब हे या रोगाचे सर्वात मोठे कारण आहे.

एके काळी ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' म्हणत गावभर फिरण्याची पाळी आमच्या माणसांवर होती. ते फिरणे आम्ही सोडले. मेंदूतले हे ग्रहणही दानाने सुटायचे नाही. ते हक्काने सुटेल आणि तेही साडेचार तासांच्या आत मागितलेल्या हक्काने.

जयभीम!