पाळणा, पिपाणी आणि मुलांचा एक प्रश्न

होळी जवळ आली की आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत मुलांचा एकच धोशा सुरू होतो, "सैलानीला कधी जायचं?" पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा उरूस होळीच्या सुमारास भरतो. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांचे लोक दुरून दुरून येतात. 2020 साली कोरोनामुळे यात्रा रद्द झाली. पुढे 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी होळी रमजानमध्ये आली आणि रोजे सांभाळून लहानांना नेणे अनेक घरांना जमले नाही. त्यामुळे जत्रा म्हणजे काय हे नीट न पाहिलेली मुले आज घरोघरी आहेत.

त्यांना ती दाखवावी, असे आम्हांला मनापासून वाटते. मोबाइलमध्ये शर्यती खेळणाऱ्या मुलांना लाकडी घोड्यावर बसवून पाहा. माणूस हाताने ढकलतो तो छोटा पाळणा, एका टोकाला फुंकली की वाजणारी पिपाणी, कागदी भिरभिरे, गोडी शेव, रेवड्या, फुटाणे. दादीने तिच्या लहानपणी जे पाहिले, तेच नातवंडांच्या हाती येते. मग परतीच्या एसटीत दादीच्या गोष्टी मुले कान देऊन ऐकतात, कारण आता त्यांनाही तो पाळणा ठाऊक असतो.

आकाशपाळणा ही अमेरिकेची देणगी, असे बऱ्याच जणांना वाटते. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने 264 फूट उंच लोखंडी चाक उभारले, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, 1615 मध्ये, पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, रमजानच्या दिवसांतल्या उत्सवात अशाच मोठ्या चाकात बसला होता. 1620 मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने उस्मानी मुलखात ईदच्या आनंदात फिरणारे पाळणे पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हाच मंडी पुढे 1630 च्या भीषण दुष्काळात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या जळगाव जामोदचा शेजारच! मुलांना पाळण्याच्या रांगेत उभे असताना ही गोष्ट सांगितली, तर रांग कधी सरली ते कळतही नाही.

मात्र सैलानीची जत्रा इतर जत्रांसारखी नाही. इथे मनाच्या आजाराने त्रासलेल्या माणसांना घेऊन त्यांचे नातेवाईक मोठ्या आशेने येतात. गर्दीत कुणी घुमत असते, कुणी ओरडत असते, कुणाच्या हातापायांत साखळीही दिसते. गेल्या खेपेस आमच्या धाकट्याने अशाच एका बाईंकडे पाहून अम्मीचा पदर घट्ट धरला आणि विचारले, "यांना का बांधलंय? यांनी काय केलं?"

अशा वेळी मुलाला ओढून पुढे नेणे सोपे असते. "तिकडे बघू नको" म्हटले की मूल गप्प बसते, पण मनात भीती राहते. शिवाय ती माणसे बघण्यासारखी नाहीत, असेही ते शिकते. आम्ही बाजूला थांबलो. दादीने त्याला जवळ घेतले आणि म्हणाली, "बेटा, त्यांनी काही केलं नाही. तुला ताप येतो ना, तसा त्यांच्या मनाला आजार झालाय. अल्लाहने प्रत्येक आजाराला इलाज ठेवलाय. आपण हसायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दुआ करायची." धाकट्याचा पुढचा प्रश्न होता, "मग डॉक्टरकडे नेलं का?"

या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनी द्यायचे आहे. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या 28 रुग्णांना पळताही आले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. श्रद्धेने दुआ मागावी, आणि औषधही द्यावे. दोन्ही एकाच वेळी चालते. आपल्या घरात, भावकीत, शेजारी कुणी असे असेल, तर जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. 'टेली मानस'च्या 14416 या मोफत नंबरवर रात्रंदिवस फोन करता येतो, मराठीतही बोलता येते. लोक काय म्हणतील, या भीतीने वर्षे वाया जातात. त्या वर्षांत आजार बळावतो.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. लहानग्याच्या खिशात वडिलांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे, ती जागा गर्दीत शिरण्याआधीच दाखवून द्या. पाळण्यात बसण्यापूर्वी समोरची दांडी पक्की लागते का, ते स्वतः हलवून पाहा. ओढणी आणि मोकळे केस आवरून घ्या, चाकात अडकतात. घाबरणाऱ्या मुलाला बळेच बसवू नका. खर्चाचे पैसे प्रत्येक मुलाच्या हातात घरूनच मोजून द्या. काय घ्यायचे ते त्यालाच ठरवू द्या, मग हट्ट आपोआप कमी होतो. पाणी सोबत ठेवा आणि अंधार पडण्याआधी परत निघा.

आणि एक पाचवी गोष्ट. वाटेतच मुलांना सांगून ठेवा, की तिथे खेळणारी माणसे भेटतील, तशी दुखणारी माणसेही भेटतील. दोघेही आपलेच पाहुणे आहेत. जी मुले हे ऐकून जत्रेत जातात, ती पिपाणी वाजवत परत येतात आणि आजारी माणसाला कधी वेडा म्हणून चिडवत नाहीत.